वर येणारा गाळ

वैभववाडीत पाण्याचा प्रश्न ऋतूप्रमाणे बदलतो. आषाढात करूळ आणि भुईबावडा घाटांतून व्हाळ लाल माती घेऊन उतरतात. ही माती जड असते. तुरटी फिरवून पाणी संथ ठेवले की ती तळाला बसते. पाऊस ओसरला की चित्र पालटते. अरुणासारख्या धरणांत महिनोन् महिने साठणाऱ्या पाण्यात कुजलेल्या पाल्यातून ह्युमिक आणि फुल्विक आम्ले उतरू शकतात, उन्हाळ्याकडे शेवाळही धरते. पाणी दिसायला बऱ्यापैकी नितळ, जरासे पिवळसर; पण त्यातले हे सेंद्रिय द्रव्य काही केल्या नीट खाली बसत नाही. जलशुद्धीकरणाच्या शास्त्रात नव्याने येणाऱ्यांचे स्वागत मी या न बसणाऱ्या द्रव्यापाशीच करतो.

ते काढायचे कशासाठी? 1974 मध्ये रॉटरडॅमच्या योहानेस रूक यांनी दाखवून दिले की अशा द्रव्याशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरोफॉर्म आणि त्याच्या जातीची संयुगे तयार होतात. गावचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पूड, टाकतो तेव्हाही रसायनशास्त्र तेच असते. टीसीएल बंद करणे हा मात्र उपाय नव्हे. गॅस्ट्रो आणि काविळीचा धोका त्याहून कितीतरी मोठा आणि तत्काळ आहे. सेंद्रिय द्रव्य क्लोरीनच्या आधी काढून टाकणे, हाच खरा मार्ग.

घाट चढून कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळावर गेलात तर या मार्गाचे मर्म उघड्या काहिलीत दिसते. रस तापू लागला की गुळव्या त्यात भेंडीचा चीक सोडतो. रसातली घाण त्या चिकाला धरून एकवटते, उकळीच्या बुडबुड्यांबरोबर वर येते, आणि मळी म्हणून काढून टाकली जाते. खाली बसवण्याची वाट कोणी पाहत नाही.

प्लवनाची, म्हणजे घाण तरंगवून वर आणणारी, टाकी असेच काम थंड पाण्यात करते. शुद्ध झालेल्या पाण्यापैकी साधारण दहावा हिस्सा वेगळा काढून त्यात वातावरणाच्या चार ते सहा पट दाबाने हवा विरघळवतात. हे पाणी बारीक तोटीतून टाकीत सोडताच दाब उतरतो, हवा सुटी होते आणि सारे पाणी क्षणभर दुधाळ दिसते. हे बुडबुडे बहुधा 40 ते 70 मायक्रॉनचे असतात. तुरटीने बांधलेल्या हलक्या गुठळ्यांना ते चिकटतात, त्यांना वर नेतात, आणि पृष्ठभागावर जमलेला थर खरवडून काढता येतो. 50 मायक्रॉनचा बुडबुडा तासाला सुमारे पाच मीटर चढतो. हलकी गुठळी इतक्या वेगाने कधीच बसत नाही. म्हणून टाकी लहान पुरते. 1960च्या दशकात स्कँडिनेव्हिया आणि दक्षिण आफ्रिकेत ही पद्धत पाणीपुरवठ्यात रुजली. न्यूयॉर्कचे 2015 साली सुरू झालेले क्रोटन केंद्र दिवसाला 29 कोटी गॅलन पाणी याच रीतीने शुद्ध करू शकते.

बुडबुड्यांचे दृश्य मोहक असते, आणि नवखा अभियंता सगळे लक्ष तिथेच लावतो. माझा आग्रह वेगळा आहे. पाण्यात विरघळलेले द्रव्य बुडबुड्याला उचलता येत नाही. तुरटीने त्याची गुठळी केली तरच ते उचलले जाते. म्हणजे निकाल टाकीच्या आधीच, तुरटीची मात्रा आणि सामू यांवर ठरतो. जांभ्या दगडाच्या कोकणात पाणी बहुधा मृदू असते, त्याची आम्ल शोषण्याची ताकद कमी. तुरटी जरा जास्त पडली की सामू झपाट्याने घसरतो आणि तुरटीतले ॲल्युमिनियम पाण्यातच राहते. अशा वेळी चुन्याची निवळी जोडीला लागते. दुसऱ्या गावचा डोस इथे उचलून आणला तर हाती काही लागणार नाही.

आषाढातल्या लाल पाण्यालाही प्लवन चालत नाही. जड मातीला बुडबुडे पेलत नाहीत. तिथे जुनी निवळण टाकीच हवी. घाटपायथ्याच्या केंद्रात दोन्हींची सोय असावी आणि ऋतू पाहून पाणी वळवावे, असे माझे मत आहे. वीज, कॉम्प्रेसर आणि ते चालवणारा माणूस यांचा खर्चही आधी मांडावा.

अभ्यासाची सुरुवात सहा काचपात्रांनी करा. धरणाचे पाणी घ्या, प्रत्येकात तुरटीची वेगळी मात्रा घाला, सामू मोजा, मग दाबाखालचे पाणी तळातून सोडा आणि वरचा थर किती वेळात जमतो ते लिहून ठेवा. पावसाआधी एकदा, दिवाळीनंतर पुन्हा.