लघुरूपांची आठवण कोणी ठेवायची? अक्षरजुळणीच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

१/ मोडी लिपी हाताखालून गेली तरी जुने पत्र लगेच उलगडत नाही. ‘राजश्री’साठी ‘रा॥’, ‘मुक्काम’साठी ‘मु॥’, चांद्रमासाच्या तारखेआधी येणारा एकटा ‘छ’. लिहिणाऱ्या कारकुनाला आणि वाचणाऱ्याला ही लघुरूपे पाठ होती, म्हणून त्यांचा खुलासा पत्रात नसे. आजच्या वाचकासाठी तो संपादकाला द्यावा लागतो. लघुरूपाचा अर्थ कोणी, कुठे आणि कितीदा सांगायचा? या प्रश्नाचा भार पुढे संगणकाकडे कसा गेला, त्याची ही हकिकत.

२/ छापील ग्रंथांत यासाठी एक शिस्त रूढ झाली. संज्ञा प्रथम येते तेथे पूर्ण रूप आणि कंसात लघुरूप द्यावे. पुढे केवळ लघुरूप वापरावे. शेवटी वर्णानुक्रमे शब्दावली जोडावी. नियम सोपा, पण पाळणे कठीण. लेखकाने तिसरे प्रकरण उचलून आरंभी ठेवले की ‘प्रथम’ उल्लेखाची जागा बदलते. मग एका ठिकाणी खुलासा दोनदा छापला जातो, तर दुसरीकडे लघुरूप कोणत्याही खुलाशाविना वाचकापुढे उभे राहते. ही चूक टाळण्याची जबाबदारी लेखकाच्या आणि मुद्रितशोधकाच्या स्मरणशक्तीवर होती.

३/ ३० मार्च १९७७. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांच्या हाती त्यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची, दुसऱ्या आवृत्तीची मुद्रिते आली. शिशाच्या खिळ्यांनी जुळवलेल्या पहिल्या आवृत्तीचे देखणेपण नव्या प्रकाशजुळणीत उरले नव्हते. कनूथ निराश झाले आणि त्यांनी अक्षरजुळणीची स्वतःची प्रणाली रचायला घेतली. तीच ‘टेक’.

४/ या प्रणालीत लेखक साध्या मजकुरात आज्ञा लिहितो आणि पाने यंत्र जुळवते. एखादा शब्द कोणत्या पानावर पडेल हे पान पुरे जुळेपर्यंत ठरत नाही. म्हणून टेक पान बाहेर काढताना त्याचा क्रमांक एका साहाय्यक फाइलीत टिपते. दुसरा प्रोग्राम त्या नोंदी वर्णानुक्रमे लावतो. पुढच्या फेरीत ती यादी ग्रंथात येते. एकच ग्रंथ दोन-तीनदा जुळवावा लागतो, तो यामुळे.

५/ १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी टेकवर आधारित ‘लाटेक’ रचले. त्याची पुस्तिका १९८६ साली निघाली. लाटेकमध्ये दोन जुळ्या सोयी होत्या : एक विषयसूचीच्या नोंदी टिपणारी, दुसरी शब्दावलीच्या. पुढे या जुळ्यांचे नशीब मात्र वेगळे निघाले.

६/ सूचीला लवकरच वाली मिळाला. पेहाँग चेन यांनी लिहिलेला ‘मेकइंडेक्स’ हा प्रोग्राम १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात सूचीच्या नोंदी लावून देऊ लागला. शब्दावलीच्या नोंदी फाइलीत उतरत, पण त्यांतून छापण्याजोगी यादी घडवणारी आज्ञा मूळ लाटेकमध्ये नव्हतीच. गरजू लेखक मेकइंडेक्सलाच वळण देऊन काम भागवीत.

७/ लघुरूपांसाठी टोबियस एटिकर यांनी १९९०च्या दशकात ‘अ‍ॅक्रोनिम’ नावाचे पॅकेज लिहिले. त्यानंतर निकोला टॅलबट यांनी प्रथम ‘ग्लॉसरी’ आणि २००७ साली तिची जागा घेणारे ‘ग्लॉसरीज’ ही पॅकेजे दिली. लाटेकमध्ये पीएच.डी.चा प्रबंध कसा लिहावा, यावर पुस्तक लिहिणाऱ्या याच टॅलबट. लॅम्पोर्ट यांच्या पुस्तिकेपासून येथवर २१ वर्षे लोटली होती.

८/ या पॅकेजाची कल्पना मोजक्या शब्दांत सांगता येते. लेखकाने प्रत्येक संज्ञेचे लघुरूप आणि पूर्ण रूप एकदाच नोंदवावे. मजकुरात फक्त तिच्या खुणेचा उल्लेख करावा. ती संज्ञा आधी येऊन गेली की नाही, हे यंत्र पाहते : पहिल्या वेळी पूर्ण रूप, नंतर केवळ लघुरूप. प्रकरणे मागेपुढे केली तरी खुलासा योग्य जागी जातो. प्रत्येक प्रकरण सुटे वाचले जाणार असेल, तर स्मृती पुसून नव्याने आरंभही करता येतो.

९/ वर्णानुक्रमाचा पेच मात्र उरला. मेकइंडेक्सची जडणघडण इंग्रजी वर्णमालेभोवती झाली होती; जर्मनमधील दोन टिंबांच्या स्वरांसाठीही वेगळी खटपट करावी लागे. इतर भाषांच्या क्रमासाठी १९९०च्या दशकात ‘झिंडी’ आला. मराठीची अडचण आणखी निराळी. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे आहे आणि ‘क्ष’ची सुरुवात ‘क’ने होते, मराठी वर्णमालेत मात्र ‘ळ, क्ष, ज्ञ’ हे ‘ह’नंतर येतात. केवळ संकेतांकांनुसार नोंदी लावल्या, तर ‘क्षेत्रफळ’ हा शब्द ‘क’च्या नोंदींत जाऊन बसतो आणि शब्दावली उघडणाऱ्या मराठी वाचकाला शेवटी शोधूनही सापडत नाही. भाषेनुसार क्रम लावू शकणारा ‘बिबटूजीएलएस’ हा टॅलबट यांचाच प्रोग्राम २०१७ साली आला.

१०/ यंत्राने स्मरणाचे ओझे उचलले, निवडीचे नाही. लेखकाने नोंदवलेल्या संज्ञेचाच खुलासा ते करते. जी संज्ञा त्याला ‘सर्वांना ठाऊकच आहे’ असे वाटले, ती आजही उघडी राहते, ‘छ’ लिहून पुढे सरकलेल्या त्या कारकुनाच्या पत्रासारखी. त्या कारकुनाला आपला वाचक नेमका माहीत होता. ग्रंथकाराला तो माहीत नसतो. म्हणून शब्दावलीत काय घ्यायचे हे ठरवताना, आपल्याला काय ठाऊक आहे यापेक्षा अनोळखी वाचकाला काय ठाऊक नसेल, याचा विचार आधी करावा लागतो.