कारण सापडत नाही तेव्हा

शुक्रजंतूंची तपासणी ठीक, स्त्रीबीज दर महिन्याला सुटते, गर्भनलिका मोकळ्या. तरीही मूल होत नाही. याला डॉक्टर ‘कारण न सापडलेले वंध्यत्व’ म्हणतात. कारण नसते असे नव्हे, आपल्या तपासण्यांना ते दिसत नाही इतकेच.

मग पोटात डोकावून पाहावे, हा विचार ओघानेच येतो. स्वीडनच्या याकोबेयस यांनी १९१० साली माणसाच्या पोटात नळीतून पाहण्याची रीत वर्णन केली. पॅरिसच्या राउल पामर यांनी १९४०च्या दशकात ती स्त्रीरोगांसाठी रुळवली, तर इंग्लंडमध्ये पॅट्रिक स्टेप्टो यांनी १९६७ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. दुर्बीण आत गेली आणि अनेकींच्या पोटात एंडोमेट्रिऑसिसचे ठिपके दिसू लागले. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती भलत्या जागी वाढते, तिचे हे ठिपके. दिसले की जाळायचे, आणि पुढे दिवस गेले की श्रेय शस्त्रक्रियेला!

गोम इथेच आहे. अशा काही जणींना काहीही न करता दिवस जातात. म्हणून ‘शस्त्रक्रियेनंतर’ आणि ‘शस्त्रक्रियेमुळे’ यांतला फरक कळायला तुलनेचा गट हवा.

कॅनडातील मार्कू आणि सहकाऱ्यांनी असा प्रयोग १९९७ साली प्रसिद्ध केला. सौम्य एंडोमेट्रिऑसिस असलेल्या ३४१ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी झाली. १७२ जणींचे ठिपके काढले, १६९ जणींचे नुसते पाहिले. ३६ आठवड्यांत दिवस जाऊन गर्भ वीस आठवड्यांपुढे टिकण्याचे प्रमाण पहिल्या गटात शंभरात सुमारे ३१, दुसऱ्यात १८. फरक १३चा, म्हणजे आठ शस्त्रक्रियांमागे एक जास्तीची गर्भधारणा. १९९९च्या इटलीतील प्रयोगात मात्र ५१ पैकी १० आणि ४५ पैकी १० जणींना मूल झाले. फरक नाहीच. पण तो प्रयोग इतका लहान होता की त्यात असा फरक निसटू शकतो. थोडा फायदा होत असावा, असे आम्हाला वाटते.

आता फळ्यावर पुढचे गणित मांडू. ठिपके आहेत की नाहीत हे आत शिरल्यावरच कळते. तिघींपैकी एकीला ते असतात असे धरले, तर आठाचे चोवीस होतात. चोवीस वेळा भूल, चोवीस पोटे (तीही बाईचीच). आतडे किंवा रक्तवाहिनी दुखावण्यासारखी गंभीर इजा हजारात सुमारे दोघींना होते. खर्च आणि बुडालेले दिवस वेगळेच.

१९७८ साली लुईस ब्राऊन जन्मली, तेव्हा तिच्या आईचे स्त्रीबीज स्टेप्टो यांनी दुर्बिणीतूनच काढले होते. पुढे सोनोग्राफीच्या आधाराने सुईने बीज काढता येऊ लागले, आणि पोटात न डोकावता थेट टेस्ट ट्यूब बेबीकडे जाण्याची वाट खुली झाली. ती महाग आहे आणि दर वेळी यश देत नाही.

पाळीत असह्य दुखत असेल तर पारडे दुर्बिणीकडे झुकते, कारण ठिपके सापडण्याची शक्यता वाढते आणि दुखणेही कमी होऊ शकते. असे दुखणे नसलेल्या अठ्ठावीस वर्षांच्या बाईने आणखी सहा महिने वाट पाहणे आम्हाला शहाणपणाचे वाटते. अडतिशीच्या बाईला तेच सहा महिने परवडत नाहीत.