मुंबईची गोदी आणि माथेरानचा डोंगर : जहाजबांधणीच्या इतिहासाची अंतर्देशीय बाजू

प्रस्तावना
मुंबईच्या गोदीचा इतिहास प्रामुख्याने वाडिया घराण्याच्या कर्तृत्वाभोवती लिहिला जातो. ते योग्यच असले, तरी किनाऱ्यावरील हा उद्योग अंतर्भागातील वनांवर उभा होता, ही बाब त्यात मागे पडते. प्रस्तुत लेखात गोदीची लाकडाची गरज आणि राज्यसंस्थेचा वनांवरील अधिकार यांचा संबंध तपासला आहे.

गोदी आणि साग
मुंबईत १७५० मध्ये कोरडी गोदी तयार झाली. येथे बांधलेली ‘मिंडेन’ (१८१०) व ‘ट्रिंकोमाली’ (१८१७) ही ब्रिटिश आरमाराची जहाजे सागवानी होती. ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. सागातील नैसर्गिक तेलामुळे लाकूड पाण्यात टिकते व लोखंडी खिळे ओकच्या लाकडातल्याप्रमाणे लवकर गंजत नाहीत. त्यामुळे साग ही आरमारी सत्तेची गरज बनली.

अधिकाराचे दोन प्रकार
रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी साग परवानगीने तोडावा, आंबा, फणस यांसारखी रयतेने वाढविलेली झाडे मात्र तोडू नयेत, आणि जीर्ण झाड घ्यावयाचे झाल्यास धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे, असा दंडक आहे. येथे आरमाराच्या गरजेला रयतेच्या हक्काची मर्यादा होती. याउलट कंपनी सरकारने १८०६ मध्ये मलबारात कॅप्टन वॉटसन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक करून सागावर मक्तेदारी लादली. जनतेच्या असंतोषामुळे हे पद १८२३ मध्ये रद्द करावे लागले. परंतु सागावर सरकारचा हक्क आहे, ही कल्पना टिकली. मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन वनसंरक्षक झाले.

कर्जत-खालापूरचा संदर्भ
ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये माथेरानवर पोहोचले, त्याच सुमारास जहाजबांधणी लाकडाकडून लोखंड व वाफेकडे वळत होती. गोदीची सागाची गरज ओसरली, पण वनांवरील सरकारी पकड सैल झाली नाही. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि स्लीपर व इंधन ही लाकडाची नवी निमित्ते ठरली. १८७८ च्या वन कायद्याने राखीव वनांची चौकट पक्की केली. ठाकर व कातकरी समाजांची दळी पद्धतीची डोंगरशेती हक्क न राहता सरकारी सवलत बनली.

समारोप
माझगाव गोदीत बांधलेली ‘नीलगिरी’ ही पोलादी युद्धनौका १९७२ मध्ये नौदलात दाखल झाली. गोदीचा वनांशी असलेला जुना संबंध तोपर्यंत विस्मृतीत गेला होता. त्या काळात रुजलेला हक्काचा प्रश्न मात्र उरला. २००३ मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र घोषित झाले, तर २००६ च्या वनहक्क कायद्याने दळीधारकांना दाव्याची वाट मोकळी केली. या दाव्यांचा विचार करताना वनांवरील सरकारी मालकी अनादी नसून विशिष्ट ऐतिहासिक गरजांतून घडली आहे, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. म्हणूनच सागरी इतिहासाचा अभ्यास बंदरापाशी न थांबता डोंगरापर्यंत नेला पाहिजे.