बैठकीतून उडी : एका परीक्षेचा इतिहास

उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे जिथं पैलवान दंड-बैठका मारतात ती जागा. शब्द एकच, अरबीतून आलेला. मी या दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे या शब्दापाशी माझं मन नेहमी घुटमळतं. शरीराचंही शिक्षण असतं आणि शिक्षण म्हटलं की परीक्षा आलीच. मग शरीराची परीक्षा घ्यायची कशी? गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत या प्रश्नाला मिळालेलं एक उत्तर आपल्या बैठकीशी फार जवळचं आहे. अर्ध्या बैठकीत थांबायचं आणि तिथूनच सरळ वर उडी घ्यायची. क्रीडाविज्ञानात तिला ‘स्क्वॉट जंप’ म्हणतात.

ही गोष्ट पॅरिसमध्ये सुरू होते. एतियेन-ज्यूल मारे हे शरीरशास्त्रज्ञ हालचालींच्या छायाचित्रणासाठी ओळखले जातात. 1882 मध्ये बुआ द बुलोन्य इथं त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली. तिथं त्यांनी आणि त्यांचे सहकारी जॉर्ज देमनी यांनी एक पाट तयार केला. पाटाखाली रबरी नळ्यांची वेटोळी होती. माणूस पाटावर दाब देई तेव्हा नळ्यांतली हवा दाबली जाई आणि दूरची सुई त्या दाबाची रेघ काढी. आजच्या ‘फोर्स प्लेट’चा हा पूर्वज. एकापाठोपाठ उड्या मारल्या तर आधीच्या उडीतून खाली येण्याचा फायदा पुढच्या उडीला मिळतो, हे या दोघांनी 1885 मध्येच नोंदवलं होतं. असं का होतं, हा वाद मात्र पुढं शंभर वर्षं चालला.

अमेरिकेत हा प्रश्न वेगळ्या वाटेनं आला. डॉ. डडली सार्जंट 1879 पासून हार्वर्डच्या व्यायामशाळेचे प्रमुख होते. छाती, दंड, मांडी, वजन अशी हजारो विद्यार्थ्यांची मापं त्यांनी घेतली. अशा मापांवरून घडवलेले ‘सरासरी’ अमेरिकन तरुण-तरुणीचे पुतळे 1893 च्या शिकागो प्रदर्शनात मांडले गेले. इतकी मापं घेतल्यावर त्यांना एकच सोपी कसोटी सापडली, ती म्हणजे उभी उडी. 1921 मध्ये त्यांनी ती एका लेखात मांडली. लेखाचं नाव होतं ‘माणसाची शारीरिक परीक्षा’. पुढं ही कसोटी शाळाशाळांत पोचली ती भिंत आणि खडू एवढ्याच साहित्यावर. हात वर करून एक खूण करायची, उडी मारून दुसरी करायची आणि दोन्हींतलं अंतर मोजायचं.

स्वस्त आणि सोपी असल्यामुळे ही परीक्षा टिकली. पण लेखाचं नाव पुन्हा वाचा : ‘माणसाची’ परीक्षा. मोजली होती फक्त उडी. मोजमाप आणि माणूस यांतलं अंतर असं नावातच पुसलं जातं. ज्यांच्या समाजाकडे नेहमी आकड्यांतून पाहिलं जातं, त्या आपल्यासारख्यांना हे लगेच कळायला हवं.

खडूच्या उडीत आणखी एक गोम होती. उडी मारणारा आधी झटकन खाली वाकतो, हात मागं नेतो आणि मग झेपावतो. त्या उंचीत पायांचा जोर किती, हातांच्या झोक्याचा वाटा किती आणि खाली वाकण्याचा फायदा किती? तिन्ही गोष्टी एकाच आकड्यात मिसळतात. गणित, भाषा आणि हस्ताक्षर यांना मिळून एकच गुण द्यावा, तसं हे होतं.

यावर उपाय म्हणून बैठकीतली उडी आली. हात कमरेवर ठेवायचे, गुडघे साधारण काटकोनात वाकवायचे आणि दोन-तीन सेकंद अगदी स्थिर राहायचं. मग जराही खाली न जाता वर उडायचं. खाली एवढीशी डुबकी घेतली तरी तो प्रयत्न बाद. डोळ्यांना ती दिसली नाही तरी फोर्स प्लेटला दिसते, कारण शरीर खाली सुटताच पाटावरचा भार क्षणभर वजनापेक्षा कमी होतो. त्यानंतर तोच खेळाडू दुसरी उडी मारतो. हात कमरेवरच, पण या वेळी आधी वाकण्याची मुभा असते. बहुतेकांची दुसरी उडी काही सेंटिमीटर उंच जाते.

हे वाढीव सेंटिमीटर येतात कुठून? 1960 च्या दशकात इटलीत जोव्हान्नी काव्हान्या आणि रोदोल्फो मार्गारिया यांनी दाखवलं की, आधी ताणलेला स्नायू आकुंचन पावताना जास्त काम करतो. 1974 मध्ये डेन्मार्कच्या एर्लिंग आस्मुसेन आणि बोंदे-पीटरसन यांनी 19 जणांना फोर्स प्लेटवर बैठकीतून, वाकून आणि वेगवेगळ्या उंचीवरून खाली उतरून उड्या मारायला लावलं. मग 1978 मध्ये फिनलंडमध्ये पाव्हो कोमी आणि कार्मेलो बोस्को यांनी पुरुषांबरोबर स्त्रियांच्याही उड्या तपासल्या. सगळ्यांचं उत्तर साधारण एकच होतं : स्नायू आणि कंडरा रबरासारखे ताणले जातात आणि साठलेली ऊर्जा परत देतात. दोन उड्यांमधला फरक मग खेळाडूच्या ‘लवचीक ऊर्जे’चं माप मानला जाऊ लागला.

बोस्कोंनी परीक्षा प्रयोगशाळेबाहेरही आणली. पाय उचलताच घड्याळ सुरू करणारी आणि टेकताच थांबवणारी चटई त्यांनी वापरली. हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे : हवेतल्या वेळेचा वर्ग गुणिले 9.81 भागिले 8. अर्धा सेकंद हवेत राहिलात तर उडी सुमारे 31 सेंटिमीटर. पण जमिनीवर येताना कुणी गुडघे दुमडून घेतले आणि वेळ 0.54 सेकंद झाली, तर चटई 36 सांगेल. पाच सेंटिमीटर फुकटात!

खरा धक्का 1996 मध्ये बसला. ॲम्स्टरडॅमच्या मार्टेन बॉबर्ट आणि सहकाऱ्यांनी व्हॉलीबॉल खेळाडूंच्या उड्या आणि संगणकावरचं स्नायूंचं मॉडेल शेजारी ठेवलं. त्यांचा निष्कर्ष असा की, फरकाचं मुख्य कारण साठवलेली ऊर्जा नाही. स्नायूला पूर्ण जोर उभा करायला वेळ लागतो. वाकून उडी मारणारा खाली येताना स्वतःला थोपवतो, त्यामुळे तळाशी पोचेपर्यंत त्याचा जोर आधीच चढलेला असतो. बैठकीत थांबलेल्याला तो शून्यातून नव्हे, तरी बराच खालून चढवावा लागतो, आणि तोवर पाय अर्धे सरळ झालेले असतात.

म्हणजे आकडे तेच राहिले, अर्थ बदलला. हा बदल केवळ पुस्तकी नाही. समजा, एका मुलीच्या दोन उड्यांत मोठा फरक आला. जुन्या समजुतीचा प्रशिक्षक म्हणेल, ‘हिची लवचीकता छान आहे, असंच चालू द्या.’ नवं वाचलेला म्हणेल, ‘हिचा जोर उशिरा चढत असावा, झटपट ताकद लावण्याचा सराव द्या.’ मुलगी तीच, आकडा तोच, पण तिच्या पुढच्या वर्षाचा सराव वेगळा.

आमच्या बी.एड.च्या अभ्यासात मूल्यमापनाचं एक साधं तत्त्व होतं : चाचणी जे मोजते असं आपण म्हणतो, तेच ती खरोखर मोजते का? उडीच्या या इतिहासात ते तत्त्व मला सर्वांत स्वच्छ दिसतं. मारे यांच्या रबरी नळ्यांपासून पुढच्या प्रत्येक पिढीनं यंत्र सुधारलं, पण खरी प्रगती झाली ती आकड्याला लावलेल्या नावावर कुणीतरी शंका घेतली तेव्हा.

आपल्या शाळांमध्ये फोर्स प्लेट येईल तेव्हा येईल. भिंत आणि खडू आजही आहेत. मुलांच्या आणि मुलींच्याही उड्या जरूर मोजा. शारीरिक शिक्षणाचा तास आपल्या मुलींच्या वाट्याला मुळातच कमी येतो, आणि ही परीक्षा तर वर्गाबाहेरच्या व्हरांड्यातही होते. हात कमरेवर ठेवून मारलेली उडी खडूनं मोजता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. फक्त नोंदवहीत त्या रकान्याचं नाव ‘क्षमता’ असं लिहू नका. ‘उडी, सेंटिमीटरमध्ये’ एवढंच लिहा. जे मोजलं त्याला तेवढंच नाव देणं, हीदेखील तालीमच आहे.