वांशिक समता परिषदा, ब्रिटनमधील

ब्रिटनच्या शहरांत व परगण्यांत वांशिक भेदभावाविरुद्ध आणि समाजगटांतील सलोख्यासाठी काम करणाऱ्या स्थानिक स्वयंसेवी संस्था; यांतील अनेक धर्मादाय म्हणून नोंदलेल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटे, भारत व पाकिस्तान येथून आलेल्या कामगारांना भाड्याच्या खोलीपासून नोकरीपर्यंत उघड नकार मिळे. तरीही १९६५ च्या पहिल्या वंशसंबंध कायद्यात नेमके नोकरी आणि घर हेच विषय नव्हते. ते १९६८ च्या कायद्यात आले. त्याच कायद्याने नेमलेल्या सामुदायिक संबंध आयोगाने स्थानिक समित्यांना बळ दिले आणि त्यांतूनच पुढे बहुतेक परिषदा घडल्या.

कायदा झाल्यावर अशा संस्थांची गरज काय, हा आक्षेप वस्तुस्थितीला धरून नाही. १९७६ च्या कायद्याने अप्रत्यक्ष भेदभावही बेकायदा ठरवला आणि तक्रारदाराला थेट औद्योगिक न्यायाधिकरणात जाण्याचा हक्क दिला. पण नकार वंशामुळेच मिळाला हे दाखवायचे तर इतर उमेदवारांची पात्रता, मुलाखतीचे शेरे, निवडीचे निकष हाती हवेत, आणि ते सारे मालकाच्या कपाटात. मालकाला लेखी प्रश्न विचारण्याची सोय कायद्यात होती. परंतु जेमतेम इंग्रजी येणाऱ्या कामगाराने ते प्रश्न कसे लिहावेत? इंग्लंडमध्ये या न्यायाधिकरणापुढे वकील देण्यासाठी सरकारी साहाय्यही नव्हते. अशा वेळी जवळच्या कार्यालयातला, त्याची भाषा जाणणारा माणूस नसेल तर हक्क कागदावरच राहतो.

हे राजकारण आहे, धर्मादाय कार्य नव्हे, असेही म्हटले गेले. दक्षिण आफ्रिकेतील डच व इंग्रजी भाषक गटांमधील तेढ शमवण्यासाठी ठेवलेला निधी इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९४९ मध्ये याच विचाराने धर्मादाय मानला नाही. १९८३ मध्ये मात्र धर्मादाय आयोगाने चांगले वंशसंबंध वाढवणे हा धर्मादाय हेतू म्हणून स्वीकारला, आणि २००६ च्या कायद्याने वांशिक सलोखा व समता यांचा स्पष्ट उल्लेख केला. तक्रारदाराची बाजू लढवणारी संस्था सलोखा कसा साधणार, हा प्रश्न अधिक गंभीर आहे. पण ज्याला आपल्यावरील अन्यायाची दाद लागत नाही, त्याच्याकडून सलोख्याची अपेक्षा करणे अन्यायाचेच आहे. म्हणून ही दोन कामे एकाच संस्थेत असणे योग्य. खरी अडचण पैशाची आहे. अनेक परिषदांना अनुदान देणारी नगरपालिका स्वतःच मोठी मालक आणि घरमालकही असते. तिच्याविरुद्धची तक्रार निर्भयपणे चालवायची तर उत्पन्नाचा दुसरा, स्वतंत्र आधार लागतो.