तळटीप : माका

* माका : संस्कृत भृंगराज, शास्त्रीय नाव एक्लिप्टा प्रोस्ट्राटा, सूर्यफुलाचे कुल. भातखाचरांचे बांध, पाटाच्या कडा, विहिरीभोवतीची ओल अशा ठिकाणी उगवतो. मूळ लेखात ‘पांढऱ्या फुलाची, केसांना लावायची वनस्पती’ एवढाच उल्लेख आहे. त्या वर्णनाने वाचक रस्त्याकडेची एकदांडीही उपटून आणील, म्हणून येथे खुलासा करणे आवश्यक वाटले. एकदांडी, म्हणजेच दगडी पाला, मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली. तिचे फूल लांब, उघड्या दांड्यावर एकटेच येते; मध्य पिवळा, भोवती तीन दात्यांच्या मोजक्या पांढरट पाकळ्या; पाने मोठ्या दात्यांची; बियांना उडणारी पिसे. तिच्या पाल्याचा रस खेड्यात जखमेवर लावतात. माक्याचे फूल लहान, मध्यासकट पांढरे, पाकळ्या दोऱ्यासारख्या बारीक आणि पुष्कळ. पाने समोरासमोर, भाल्याच्या आकाराची, खरखरीत. खोड बहुधा तांबूस. बियांना पिसे नाहीत. खात्रीची खूण रसात आहे: खोड चुरडले की हिरवा रस थोड्याच वेळात काळपट होतो. पिवळ्या फुलाचा ‘पिवळा माका’ ही याच कुलातली वेगळी वनस्पती. तीही भृंगराज म्हणून वापरली जाते. लेखातील उल्लेख पांढऱ्या फुलाचा असल्याने तो माक्याचाच मानला आहे. वाचकांनी फूल, पान आणि रस या तिन्ही खुणा जुळल्याशिवाय कोणतीही वनस्पती औषध म्हणून वापरू नये. पोटात घ्यायची असल्यास वैद्यांना दाखवूनच घ्यावी. — संपादक