पोलीस ठाण्याची पायरी



'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण लोकांनी पोलीस ठाण्यालाही लावून टाकली आहे. घरात चोरी झाली तरी माणूस आधी ठाण्यात कोणी ओळखीचे आहे का ते पाहतो. हा निव्वळ भित्रेपणा नव्हे. त्यामागे इतिहास आहे, आणि तो जाणल्यावाचून ठाण्याकडून हक्काने काय मागावे हे कळायचे नाही.

जुन्या गावगाड्यात राखण ही गावाचीच बाब होती. पाटलाच्या हाताखाली जागल्या नि रामोशी असत. चोराचा माग शेजारगावच्या शिवेपर्यंत नेऊन दिला की जबाबदारी त्या गावावर पडे. माग पुढे काढता आला नाही तर भरपाई द्यावी लागे. पेशवाईतल्या पुण्याचा कोतवाल रात्रीची गस्त सांभाळी, बाजारभावावर नजर ठेवी, शहरात येणार्‍याजाणार्‍यांची नोंद ठेवी. ही व्यवस्था न्याय्य होती असे मी म्हणणार नाही; तिचे ओझे खालच्या जातींच्या खांद्यावर होते. पण राखणदार गावाच्या ओळखीचा होता आणि गाव त्याला जाब विचारू शकत होते.

इंग्रजांनी १८२९ साली लंडन शहराला नवे पोलीस दिले. ते बहुतांशी निःशस्त्र होते. येथे मात्र नमुना निराळा निवडला गेला. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर नेपियरने तेथे आयर्लंडच्या सशस्त्र दलाच्या धर्तीवर पोलीस उभारले. पुढे १८५७ च्या उठावाचा धसका घेतलेल्या सरकारने १८६१ चा पोलीस कायदा केला. मुंबई इलाख्यासाठी १८६७ व १८९० चे जिल्हा पोलीस कायदे आणि मुंबई शहरासाठी १९०२ चा कायदा झाला. राज्य राखणे हा या दलाचा पहिला हेतू होता. रयतेची सोय त्यामागून आली.

परंतु त्याच १८६१ साली फौजदारी प्रक्रियेची संहिताही झाली. ठाण्यावर आलेली प्रत्येक तक्रार वा खबर लिहून घ्यावी आणि तिचा सारांश रोजनिशीत नोंदवावा, असे तिने बजावले. एका वर्षात धाकाचा कायदाही झाला आणि सेवेचे बीही पडले. १८९८ च्या संहितेत खबर लिहून घेणे, ती वाचून दाखवणे आणि त्यावर सही घेणे हे कलम १५४ मध्ये आले. १९७३ ची संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली, तेव्हा त्या खबरीची नक्कल विनामूल्य देण्याचे बंधन आले. लिहून घेण्यापासून नक्कल हाती पडेपर्यंत शंभराहून अधिक वर्षे लोटली!

या नक्कलेचे मोल कामगाराला विचारा. तोंडी मागणी वार्‍यावर जाते. पोच घेतली की तिला वजन येते. ठाण्यातही तेच. हाती कागद नसेल तर तुम्ही आलाच नव्हता, असे उद्या कोणीही म्हणेल.

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट केले, की दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली तर ती नोंदवणे बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही पाठवता येते. मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. ठाण्याने नकार दिला तर पोलीस अधीक्षकाकडे लेखी जाता येते, आणि तेथेही दाद लागली नाही तर दंडाधिकार्‍याकडे.

आणखी एक कलम पाहा. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याचे, म्हणजे आजच्या महाराष्ट्र पोलीस कायद्याचे, कलम ६६ सांगते : रस्त्यावरच्या अपंग व असहाय माणसाला शक्य ती मदत करावी, अटकेतल्या जखमी वा आजारी माणसाला उपचार मिळवून द्यावे, झडती घेताना विनाकारण उद्धटपणा करू नये, स्त्रिया व मुले यांच्याशी सभ्यतेने व सौम्यपणे वागावे, आग व अपघात टाळण्यासाठी झटावे. ही शिपायाची मेहेरबानी नव्हे, त्याचे कायदेशीर कर्तव्य आहे. किती नागरिकांना ते ठाऊक आहे?

टेबलापलीकडचा शिपाईही कष्टकरीच आहे, हेही विसरू नये. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलिसांचा त्यांच्या संघटनेच्या प्रश्नावर असंतोष उफाळला, तेव्हा सरकारने लष्कर बोलावले. ज्याला स्वतःची तक्रार मांडायला जागा नाही, तो दुसर्‍याची तक्रार किती आपुलकीने ऐकणार? त्याच्या सोयी मागणे हेही आपल्याच हिताचे आहे. मात्र त्याचा त्रास हे आपला हक्क नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही.

तात्पर्य, ठाण्यात जाताना ओळख नको, माहिती हवी. एकटे जाऊ नका, शेजार्‍याला बरोबर घ्या. लिहिलेले वाचून घ्या, मगच सही करा, आणि नक्कल घेतल्यावाचून उठू नका. १८६१ च्या धाकाच्या कायद्याने घातलेली भीती कोणत्याही एका कायद्याने जाणार नाही. ती पायरी रोज चढून उतरणार्‍या सामान्य माणसांच्या पावलांनीच झिजेल.